यंत्राची वर्दी आणि मनुष्याचा जबाब

ज्या यंत्रांवर जगातील मोठ्या बँकांचा आणि विमा कंपन्यांचा जमाखर्च अहोरात्र चालतो, त्या मेनफ्रेमची सामान्य वाचकाच्या मनातील प्रतिमा बहुधा थंडगार खोलीत उभ्या असलेल्या काळ्या कपाटांची असते. परंतु त्या कपाटांचा मनुष्याशी जो प्रत्यक्ष संवाद घडतो, तो एका साध्या पडद्यावर एकाखाली एक सरकत जाणाऱ्या अक्षरांच्या ओळींतून घडतो, आणि त्या पडद्यास ऑपरेटर कन्सोल असे म्हणतात. १९६४ च्या एप्रिलमध्ये आय.बी.एम.ने सिस्टिम/३६० ही मालिका जाहीर केली, त्या काळी या कामास बहुधा टंकयंत्रासारखे एक उपकरण असे. ते यंत्राची वर्दी कागदावर उमटवी आणि ऑपरेटर त्याच कागदावर आपला हुकूम टंकून देई. पुढे पडदे आले, कार्यप्रणालीचे नाव एम.व्ही.एस. झाले, आज ते झेड/ओ.एस. आहे, वर्दी देण्याची मूळ रीत मात्र विलक्षण सातत्याने टिकून राहिली आहे. माझी उमेदीची वर्षे ही वर्दी वाचण्यात आणि तिचा बंदोबस्त करण्यात गेली. त्या अनुभवातून माझा एक दृढ ग्रह झाला आहे तो असा, की कन्सोलवर काय दिसते यापेक्षा काय दिसू द्यावयाचे नाही हे किती विचाराने ठरविले गेले, यावरच त्या साऱ्या कारभाराची विश्वासार्हता अवलंबून असते.

या संदेशांची घडण मोठी शिस्तशीर आहे. आरंभीची अक्षरे संदेश कोणत्या खात्याकडून आला ते सांगतात: ‘आय.ई.एफ.’ म्हणजे जॉबची व्यवस्था पाहणारा भाग, ‘आय.ओ.एस.’ म्हणजे उपकरणांशी देवघेव करणारा, ‘डी.एफ.एच.’ म्हणजे व्यवहार हाताळणारी सी.आय.सी.एस. ही प्रणाली. त्यानंतर क्रमांक येतो, आणि बहुधा सर्वांच्या शेवटी एक अक्षर, ज्याकडे मुरलेल्या ऑपरेटरची दृष्टी प्रथम जाते. ते ‘आय’ असेल तर मजकूर केवळ माहितीचा. ‘ई’ असेल तर कारवाई आज ना उद्या करावयाची. ‘ए’ असेल तर ती विनाविलंब करावयाची. आणि ‘डी’ असेल तर यंत्राने प्रश्न विचारला असून निर्णय मनुष्याच्या अखत्यारातील आहे. याखेरीज प्रत्येक संदेशास दोन प्रकारचे संकेतांक जोडता येतात. एक तो कोणाकडे जावा हे ठरवितो, त्यामुळे टेप चढविण्याची विनंती टेपखान्याकडे आणि सुरक्षेची तक्रार सुरक्षाविभागाकडे जाते. दुसरा त्याची निकड ठरवितो, आणि निकडीचे संदेश इतरांप्रमाणे वर सरकून अदृश्य न होता, कारण नाहीसे होईपर्यंत पडद्यावर ठाण मांडून बसू शकतात.

प्रश्न विचारणाऱ्या संदेशाचे महत्त्व नवख्या माणसाच्या ध्यानात सहसा येत नाही, कारण तो कोणताही आक्रोश करीत नाही. ज्या कार्यक्रमाने तो विचारला तो उत्तराची प्रतीक्षा करीत थांबतो. थांबताना आपल्या ताब्यातील फायली तो सोडीत नाही. त्या फायलींसाठी मागचा जॉब खोळंबतो, त्याच्यामागे आणखी काही, आणि पहाटेपर्यंत पुरा व्हावयाचा हिशेब सकाळी शाखा उघडल्या तरी अपुरा राहतो. म्हणून शिफ्टवर येणाऱ्याने सर्वप्रथम ‘डी आर’ हा हुकूम देऊन अनुत्तरित प्रश्नांची यादी मागवावी, असा जुना आणि रास्त शिरस्ता आहे. उत्तर देताना प्रश्नाचा क्रमांक लिहावा लागतो, आणि हे क्रमांक पुनःपुन्हा वापरात येत असल्यामुळे केवळ स्मरणावर विसंबून उत्तर देणे म्हणजे एकाचा जबाब दुसऱ्याच्या नावे नोंदविण्याचा धोका पत्करणे होय.

या प्रश्नांपैकी एकाचा विचार मी नव्या सहकाऱ्यांकडून नेहमी विस्ताराने करून घेतो. अनेक मेनफ्रेम एका समूहात जोडण्याची, सिसप्लेक्स नावाची व्यवस्था १९९० मध्ये आली. या समूहातील प्रत्येक प्रणाली आपण जिवंत असल्याची खूण ठरावीक मुदतीत नोंदवीत असते; ती खूण थांबली की उरलेल्यांपैकी एक प्रणाली कन्सोलवर आय.एक्स.सी. ४०२ डी हा संदेश पाठविते. अमुक प्रणाली अमुक वाजता शेवटची कार्यरत होती. तिला रीसेट केल्यावर ‘डाउन’ असे उत्तर द्या, किंवा पुन्हा विचारण्यासाठी मुदत द्या, असा त्याचा आशय असतो. येथे सारे मर्म ‘रीसेट केल्यावर’ या अटीत आहे. गप्प झालेली प्रणाली मृत असेलच असे नाही. ती क्षणभर अडखळलेली असू शकते. ऑपरेटरने रीसेट न करताच घाईने ‘डाउन’ असा जबाब दिला, तर बाकीच्या प्रणाली तिला मृत समजून तिच्या वाट्याच्या फायली आपल्या ताब्यात घेतात, आणि ती मात्र शुद्धीवर येऊन त्याच डिस्कवर आपले अर्धवट लिखाण पुरे करू लागते. खातेदारांच्या नोंदी अशा रीतीने विस्कटल्यावर त्या पूर्ववत करणे हे आठवडेच्या आठवडे चालणारे कष्टाचे काम ठरते. यंत्र येथे मनुष्याकडे नुसते उत्तर मागत नाही, एका घडलेल्या गोष्टीची साक्ष मागते; आणि म्हणून या प्रश्नास आपोआप ‘डाउन’ म्हणणारी आज्ञावली कोणी लिहू पाहील, तर तिला मी कधीही मंजुरी देणार नाही. पडलेल्या प्रणालीच्या डिस्ककडे जाणाऱ्या वाटा आधी खरोखरीच बंद करणारी, एस.एफ.एम. नावाची सोय मुळात उपलब्ध आहे. स्वयंचलन हवेच असेल तर ते तिच्या मार्फत व्हावे.

इतर काही वर्द्या व्याधीचे लक्षण तेवढे सांगतात, कारण शोधण्याचे काम आपल्याकडे सोपवितात. जॉबांचे छापील निष्पन्न ज्या स्पूलमध्ये साठते, तो सामान्यतः ८० टक्के भरला की ‘हॅस्प ०५०’ हा इशारा येतो. दोषी बहुधा एखादा चक्रात अडकलेला जॉब असतो, जो एकच ओळ लक्षावधी वेळा लिहीत सुटलेला असतो. त्याला हुडकून थांबविणे योग्य. परंतु जागा मोकळी करण्याच्या भरात दुसऱ्या खात्याचे न वाचलेले अहवाल पुसून टाकणे हा अधिकाराचा अतिक्रम आहे.

आता संदेशांच्या गर्दीविषयी. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रात अपघात झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम सुरू झाल्या, आणि त्यांपैकी गौण सूचना बाजूस सारण्याची कोणतीही तजवीज तेथे नव्हती. ते केंद्र निराळे, आमचे क्षेत्र निराळे. परंतु त्या प्रसंगाचा धडा प्रत्येक कन्सोलला लागू पडतो. मेनफ्रेमवर तर या गर्दीचा आणखी एक प्रत्यक्ष परिणाम होतो. संदेशांसाठी राखलेली स्मृती ८० टक्के भरली की एक इशारा येतो, पूर्ण भरली की दुसरा, आणि त्यानंतर जो कार्यक्रम संदेश लिहू पाहील तो स्वतःच तिष्ठत राहू शकतो. एखाद्या कोपऱ्यातील कन्सोलचा पडदा आपोआप सरकण्याची सोय बंद असून त्याच्यासमोर कोणीही बसलेले नाही, एवढ्या क्षुल्लक कारणानेही ही आपत्ती ओढवू शकते.

गर्दी निवारण्यासाठी एम.पी.एफ. नावाची एक यादी असते. कोणता संदेश पडद्यावरून वगळावा, कोणता स्वयंचलनाकडे सोपवावा, हे तीत लिहिलेले असते. या योजनेतील एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते: अशा रीतीने वगळलेला संदेश पडद्यावरून जातो, पण नोंदवहीतून जात नाही. पेशवे दफ्तरातील रोजकीर्दीप्रमाणे सिसलॉगमध्ये तो तारीखवार, वेळवार उतरलेला राहतो, आणि अपघाताच्या तपासात तोच पुष्कळदा पहिला धागा ठरतो. असे असूनही ही यादी वर्षानुवर्षे केवळ वाढत जाते. कोणी एका रात्री त्रासून एक क्रमांक तीत घालतो. तो मनुष्य नोकरी सोडून जातो. कार्यप्रणालीच्या पुढील आवृत्तीत त्या क्रमांकाच्या संदेशाला गंभीर अर्थ येतो, आणि ती वर्दी कोणाही जागत्या माणसापर्यंत पोहोचत नाही.

परदेशी संस्थांच्या मेनफ्रेमची देखरेख पुण्या-मुंबईतील कचेऱ्यांतून होऊ लागल्यापासून हा प्रश्न आपल्याकडील तरुणांचाही झाला आहे. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे दहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात झालेले असतात, आणि तेथील रात्रीचे हिशेब हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसलेल्या ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत चालतात. ज्या संदेशांचे मूळ मालक सात समुद्रांपलीकडे निद्रिस्त आहेत, ते वगळण्याची कारणे येथे बसलेल्या माणसास ठाऊक असणे अगत्याचे आहे. म्हणून माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकास मी आरंभीच एम.पी.एफ.ची ती यादी वाचावयास देतो; प्रत्येक वगळलेल्या क्रमांकापुढे कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणास्तव तो वगळला याचा शेरा आहे की नाही हे त्याने पाहावे, शेरा नसेल तर सिसलॉगमध्ये तो संदेश शोधून त्याचा अर्थ लावावा, आणि ज्याचे कारण सापडत नाही तो संबंधित सिस्टिम प्रोग्रॅमरच्या लेखी संमतीने पुन्हा पडद्यावर आणावा, अशी माझी अट असते.