जांभ्याच्या भिंती आणि हवेतली वाट

पावसाळा सरतीला लागला की खेडहून दापोलीकडे चढणारा रस्ता आपल्या पूर्ण वैभवात असतो: दोहों बाजूंस पोटरीला आलेली भातखाचरे, मधूनमधून तांबूस चिऱ्यांच्या खाणी, आणि समुद्र दृष्टीस पडण्यापूर्वीच त्याच्या सान्निध्याची वर्दी देणारा दमट वारा. या रस्त्याने आम्ही उभयता आंजर्ल्याकडे निघालो होतो, कारण तेथील एका जुन्या खोताच्या घराण्यात मोडी कागदांचे दप्तर आजही सुस्थितीत असल्याचे कळले होते आणि घरधन्याने ते पाहू देण्याचे मोठ्या मनाने मान्य केले होते. १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात आली. परंतु माळ्यावर फडक्यांत बांधून ठेवलेली बासने त्या कायद्याने संपली नाहीत, आणि वहिवाटीचे तंटे, धाऱ्याच्या पावत्या, देवस्थानांच्या सनदा, वाटण्यांच्या याद्या असा कितीतरी मजकूर कोकणातल्या घराघरांतून वाचणाऱ्याची वाट पाहत पडून आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून असे कागद जमवले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्या तपश्चर्येपुढे आमचे काम अल्प आहे. पण आम्हांस एक सोय अशी लाभली आहे की दिवसा ज्या कागदाचे छायाचित्र घ्यावे, तोच कागद संध्याकाळी पुणे, बडोदे, इंदूर आणि न्यू जर्सी येथे बसलेल्या विद्यार्थ्यांसमोर उलगडावा आणि सर्वांनी मिळून तो वाचावा.

हा संध्याकाळचा मोडीचा वर्ग माझ्या सौभाग्यवतीच चालवतात. मोडीत प्रथम ओळभर शिरोरेषा ओढून घेतात आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरांमागून अक्षरे लिहीत जातात. शब्दांमध्ये अंतर बहुधा सोडलेले नसते, आणि एखाद्या गाठीचे वळण थोडे पुसट दिसले तर वाचणारा भलत्याच शब्दावर जाऊन पोचतो. म्हणून चित्र स्पष्ट हवे. त्याकरिता फार मोठा वेग लागतो असे नाही. सेकंदाला तीन-चार मेगाबिट एवढा प्रवाह पुरे होतो, मात्र तो अखंड मिळाला पाहिजे. याच हेतूने तळहातावर मावेल एवढा एक प्रवासी राऊटर आम्ही सदैव बरोबर बाळगतो. यजमानांच्या वाय-फायला तो एकदा जोडला की तेच इंटरनेट तो आपल्या नावाने पुन्हा प्रसृत करतो, आणि आमचा लॅपटॉप, दोघांचे फोन व छायाचित्रांचा कॅमेरा यांना प्रत्येक मुक्कामी नवा पासवर्ड पुरवण्याचा खटाटोप उरत नाही. या कामाला रिपीटर म्हणतात; आणि रिपीटर लावूनही वाय-फाय मंद का चालते, या प्रश्नाचा उलगडा या प्रवासात जागोजागी जितका झाला तितका घरी बसून कधीच झाला नसता.

हर्णैच्या बंदरावर आम्ही क्षणभर थांबलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा होता. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, ही मराठी आरमाराच्या इतिहासातली दुःखद घटना त्या काळ्याभोर तटाकडे पाहताना आठवल्यावाचून राहत नाही. किनाऱ्यावर मासळीच्या लिलावाची गर्दी जमू लागली होती. पुढे खाडीवरचा पूल ओलांडून आंजर्ल्यात शिरलो, तेव्हा माडा-पोफळींच्या सावलीत दुपार अर्धी कलली होती.

घर जुन्या घडणीचे होते: समोर खळे, मग ओटी, आत माजघर, बाजूला देवघर, आणि मागील पडवीच्या पलीकडे अलीकडे बांधलेली पाहुण्यांची खोली. यजमानांचा राऊटर ओटीवर, दाराच्या वरच्या फळीवर होता. आमच्या खोलीत आम्ही आपल्या प्रवासी राऊटरची पेटी लावली आणि फोनवर सिग्नलच्या सगळ्या रेघा उमटल्या. परंतु चित्र म्हणून काही उघडेना. येथे बहुतेक प्रवासी फसतात, कारण त्या रेघा सांगतात ती केवळ फोन आणि पेटी यांच्यातली जवळीक होय. पेटीला यजमानांच्या राऊटरचे कितपत ऐकू येते, याची वार्ता फोनला नसते. ती पेटीच्या स्वतःच्या पानावर पाहावी लागते. तेथे आकडा होता उणे ८४. हा आकडा डीबीएम या मापात असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल बलवान. मग लॅपटॉप हातात घेऊन मी ओटीपासून मागे चालत आलो: ओटीवर उणे ४५, माजघराच्या मध्यावर उणे ६०, मागील पडवीत उणे ७२, आणि खोलीत पुन्हा तो उणे ८४. हे माप असे आहे की दहाची घट झाली म्हणजे शक्ती एक दशांश उरते. तेव्हा माजघर आणि आमची खोली यांतली तफावत अडीचशे पटींची होती.

“भिंत हातभर रुंद आहे हो,” घरातल्या आजी म्हणाल्या, “आणि या दिवसांत नुसतं बोट लावून बघा, ओलं होतं.”

मी बोट लावून पाहिले. चुन्याच्या गिलाव्याचा पोपडा जेथे सुटला होता तेथे जांभ्याची ती सच्छिद्र, मधाच्या पोळ्यासारखी अंगलट उघडी पडली होती, आणि बोटावर खरोखरच तांबूस ओल उतरली. सर्व रहस्य तिच्यातच होते. जांभा हा लोहयुक्त, सच्छिद्र दगड. चार महिने तो पाणी पितो, आणि पाणी हे सूक्ष्मतरंगांचे मोठे शोषक आहे. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कलकत्त्यात अदृश्य तरंग भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली, तेव्हापासून भिंत ही या तरंगांना सर्वस्वी अभेद्य नाही हे जगाला ठाऊक आहे; तथापि प्रत्येक भिंत आपला वाटा काढून घेतेच, आणि ओल्या जांभ्याच्या दोन भिंतींनी तर त्यातले जवळजवळ सर्वस्व गिळले होते.

उपाय साधा होता. माजघरातून मागील पडवीत उघडणारी लाकडी गजांची एक खिडकी होती; तिच्या कठड्यावर पेटी ठेवली. राऊटरकडून तेथवर येणाऱ्या तरंगांना माजघराच्या दाराची उघडी वाट मिळाली आणि तेथून आमच्या खोलीच्या दारापर्यंत नुसती हवा होती. पेटीचा आकडा उणे ६२ वर आला. ज्या जागी आपल्याला इंटरनेट हवे असते ती जागा रिपीटरची नव्हे. जेथपर्यंत मूळचा सिग्नल अजून सशक्त पोचतो, तेथेच त्याचे ठाणे असावे. ही गोष्ट मी आता ज्याला त्याला आग्रहाने सांगतो, कारण महागडी यंत्रे विकत घेऊनही जे साधत नाही ते जागेच्या निवडीने साधते.

तरीही वेग अपेक्षेच्या निम्माच होता. याचे कारण रिपीटरच्या घडणीतच आहे. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचे, हा वाय-फायचा मूळ दस्तूर. ज्या रेडिओने राऊटरकडून ऐकायचे त्याच रेडिओने, त्याच चॅनलवर, तोच मजकूर पुन्हा आपल्याला सांगायचा म्हटले की प्रत्येक गोष्टीला दोन वेळा हवा व्यापावी लागते. पेशवाईत महत्त्वाचा खलिता एकट्या जासुदाबरोबर न देता जासुदांच्या जोडीबरोबर पाठवीत. आमच्या पेटीतही सुदैवाने दोन रेडिओ होते, एक २.४ गिगाहर्ट्‌झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्‌झचा. पहिल्याच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर, दुसऱ्याची तिच्या निम्म्याहून थोडी कमी. भिंती-दारांतून वाट काढण्यात पहिला अधिक समर्थ, तर मोकळ्या, जवळच्या जागेत दुसरा अधिक वेगवान. म्हणून माजघराकडची बाजू २.४ ला दिली, खोलीकडची ५ ला दिली, आणि आमच्या नावाने चाललेले २.४ चे प्रसारण बंदच करून टाकले, म्हणजे ऐकणे एका हवेत आणि सांगणे दुसऱ्या हवेत. या दोन्ही पट्ट्यांवर आज आपण कोणाचा परवाना न मागता ही यंत्रे वापरतो. आपल्याकडे पहिला पट्टा २००५ साली तसा मोकळा झाला आणि दुसरा अधिक विस्ताराने २०१८ साली. तारायंत्राच्या युगातल्या १९३३ च्या कायद्याने ज्या देशात बिनतारी यंत्र बाळगण्यालाही परवाना लागत असे, तेथे हे स्वातंत्र्य मला फार मोलाचे वाटते.

त्या संध्याकाळी वर्ग निर्विघ्न पार पडला. वाटणीची एक यादी होती, तीत माडांची गणना होती, आणि बडोद्याच्या विद्यार्थिनीने ती न अडखळता वाचली.

आंजर्ल्याचे दप्तर आटोपल्यावर आम्ही दाभोळला उतरलो आणि मोटारीसह फेरीबोटीत चढून वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला लागलो. ही खाडी ओलांडण्यात जो आनंद आहे तो पुलावरून जाण्यात नाही; मागे दाभोळची शाही मशीद लहान होत जाते, समोरचा किनारा मोठा होत येतो, आणि दोन तालुक्यांमधले अंतर अंगावरच्या वाऱ्याने जाणवते.

गुहागरला बाजारपेठेत एका लॉजमध्ये उतरलो. येथे भिंती पातळ, सिग्नल उणे ५०, आणि तरीही चित्र थांबत थांबत येई. फोनवरचे एक साधन उघडून आसपासची नावे पाहिली तेव्हा यादी सरता सरेना. दुकाने, घरे, शेजारची खाणावळ, सर्वांचे राऊटर त्याच २.४ च्या पट्ट्यात बोलत होते. या पट्ट्यात चॅनल तेरा असले तरी ते एकमेकांवर चढलेले असतात, आणि एकमेकांना हरकत न करणारे असे १, ६ आणि ११ हे तीनच. लॉजच्या राऊटरने आपली रुंदी ४० मेगाहर्ट्‌झ धरली होती, म्हणजे तेवढ्या दाटीत दोघांची जागा अडवून तो बसला होता; आणि रिपीटरला यातून सुटका नसते, कारण मूळ राऊटर ज्या चॅनलवर असेल त्याच चॅनलवर जाऊन त्याला ऐकावे लागते. नुसती आमची पेटी चाळवून उपयोग नव्हता. व्यवस्थापक तरुण होता व मनाने मोकळा. “दादा, तुम्ही सांगा, मी बदलतो,” असे म्हणून त्याने राऊटरचे पान उघडले. रुंदी २० वर आणली, आपोआप चॅनल निवडण्याची मुभा काढून त्यास ११ वर कायम केले, कारण १ आणि ६ वर जास्त वर्दळ होती. वेग वाढला तो आमचाच नव्हे, साऱ्या लॉजचा.

एक किरकोळ दोष राहिला होता. खोलीत मोकळा प्लग नसल्याने पेटीची वीज दूरदर्शन संचाच्या यूएसबीतून घेतली होती, आणि काम वाढले की ती मध्येच विझून पुन्हा सुरू होई. अशा पेटीला ५ व्होल्टला साधारण २ अँपिअर लागतात; त्या छिद्रातून बहुधा तेवढे मिळत नाहीत. चार्जर भिंतीला लावताच तक्रार मिटली.

वेळणेश्वरला मात्र वेगळाच प्रकार. शंकराचे देवालय, पुढे माडांची बाग आणि लगेच समुद्र. घर देवळापासून जरा वरच्या अंगाला. आम्ही पेटी बंद करून प्रथम यजमानांच्या राऊटरशेजारीच उभे राहिलो आणि वेग मोजला. प्रवाशाने ही चाचणी सर्वांत आधी करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण उगमालाच पाणी कमी असेल तर पुढचे पाट कितीही नीट केले तरी शेत भिजत नाही. वेग तेथेच क्षीण निघाला. येथे तार आलेली नव्हती. मोबाइलच्या सिमवर चालणारा राऊटर होता, आणि धूळ लागू नये म्हणून घरच्या वहिनींनी तो स्वयंपाकघराच्या कपाटात जपून ठेवला होता. त्याला स्वतःलाच टॉवरचे ऐकू येत नव्हते. आम्ही तो माळ्यावर, डोंगराच्या अंगाच्या झरोक्याशी नेऊन ठेवला, आणि मोजमाप पाहताच वहिनींच्या मुलाने आनंदाने टाळी वाजवली.

आता माळ्यापासून आमच्या खोलीपर्यंतचा टप्पा उरला. तेथे मी रिपीटरचा नाद सोडला. पिशवीत पंधरा मीटरची लॅन केबल होती. ती माळ्यावरून कौलांच्या खालच्या वाशाला बांधत खोलीच्या खिडकीपर्यंत आणली आणि पेटीला जोडली. पेटी तीच, पण तिचे काम पालटले: मागे तारेने घ्यायचे आणि पुढे हवेतून द्यायचे. हवेचा एक संपूर्ण फेरा वाचला. जेथे तार ओढणे शक्य आहे तेथे बिनतारी वाटेचा हट्ट धरू नये, हे माझे मत त्या दिवशी अधिकच पक्के झाले.

त्या रात्री न्यू जर्सीतल्या विद्यार्थ्याने एका पावतीतला चुकीचा वाचलेला महिना आम्हांला दुरुस्त करून दिला. चित्र इतके स्वच्छ पोचले होते. वर्ग चालू असताना वहिनींचे सासरे दाराशी येऊन उभे राहिले होते. संपल्यावर ते म्हणाले, “माळ्यावर आमचीही दोन बासनं आहेत. कुणी वाचणारं नव्हतं.” सकाळी ती खाली काढली. एकाला वाळवी लागली होती, दुसरे शाबूत होते. केबल त्यांच्याच घरी राहू दिली, कारण मुलाला शाळेच्या कामासाठी खालच्या खोलीत नेट हवे होते. आमच्यासाठी दुसरी गुहागरच्या बाजारातून मागवून घेतली, आणि हेदवीला जाण्याचे एक दिवस लांबणीवर टाकून त्या शाबूत बासनाचे पहिले फडके सोडले.