प्रति, विषय, महोदय

निवेदन लिहिताना सगळ्यात जास्त वेळ खाते ती ‘विषय’ ही एक ओळ. खालचा मजकूर कोणीही लिहील. विषयाची ओळ जमायला आधी आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवावं लागतं. नांदगावला बी.ए. करता करता मी आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या लोकांची निवेदनं लिहून देते, ग्रामसभेत बोलते, बोलणाऱ्यांना मुद्दे काढून देते. शाळेत असल्यापासून वक्तृत्व स्पर्धा केल्या, आवाज तिथे तयार झाला. पण स्पर्धेतला परीक्षक भाषण ऐकून गुण देतो आणि घरी जातो. ग्रामसभेत किंवा पंचायत समितीत समोरच्या माणसाने काहीतरी करायला हवं असतं. सही, ठराव, पाहणी, निदान एक फोन.

एका वस्तीच्या वाटेवर नाला आहे. त्यावरचा फरशी पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या मुलींची शाळा बुडते. वस्तीतल्या पोरांनी निवेदन लिहून आणलं होतं. सुरुवात स्वातंत्र्यापासून, मग शिवरायांचा महाराष्ट्र, मग झोपलेलं प्रशासन. पुढे पाणी, वीज, अंगणवाडी, स्मशानभूमीचं शेड, आणि शेवटी ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’. पूल दुसऱ्या पानावर, तोही अर्ध्या वाक्यात. पारावर मोठ्याने वाचून झाल्यावर एक नाना म्हणाले, “अरे, साहेबाला बोलण्यातच कागद संपला. मागितलं काय?”

आम्ही पुन्हा बसलो. विषय लिहिला: शाळेच्या वाटेवरील फरशी पुलाची उंची वाढवणेबाबत. खाली पूल कुठून कुठे जातो, पाणी कोणत्या महिन्यांत चढतं, त्या वाटेने जाणाऱ्या मुलींची इयत्तावार संख्या. सोबत हजेरीचा उतारा आणि पाणी चढलेल्या दिवसांचे तारखेसह फोटो. ‘अन्यथा’चं वाक्य काढलं आणि पाहणीला कधी येता ते कळवावं, अशी विनंती घातली. पोरांना हे मिळमिळीत वाटलं. मला मात्र यातच जोर दिसतो. धमकी आली की साहेब बंदोबस्त मागवून मोकळे होतात. हजेरीपटावरच्या गैरहजेरीला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. निवेदनाच्या दोन प्रती न्यायच्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा, पोच हातात आल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. पुढे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्जाचं काय झालं हे विचारायची वेळ आली, तर तो क्रमांकच कामाला येतो.

बोलण्यातली ही शिस्त मला आमच्या तालुक्यातच सापडली. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचं विधान पुष्कळांना ठाऊक असतं. स्पर्धेच्या भाषणांत ते नेहमी येतं आणि टाळ्या घेऊन जातं. त्याच भाषणातला जो भाग मी परत परत वाचते, तो पोर्टरबद्दलचा आहे. अस्पृश्याला रेल्वेत पोर्टर का करत नाहीत? कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामं करून घेतो, आणि अस्पृश्याचा हात त्याला घरात चालत नाही. गँगमन म्हणून लागलेला माणूस गँगमन म्हणूनच का संपतो, तेही त्यांनी असंच उलगडून सांगितलं. समोर बसलेल्यांनी हे रोज सोसलेलं होतं. त्यांच्याच अनुभवातून त्यांनी कारण वर काढून दाखवलं, आणि शत्रूचं नाव घेताना हेही बजावलं की माझा रोख एका जातीवर नाही; स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती सगळ्याच वर्गांत भिनलेली आहे. भरल्या सभेत, इतका राग साचलेला असताना, हा खुलासा करायला केवढी ताकद लागत असेल! रागाचा पत्ता चुकू द्यायचा नाही, हे मी तिथे शिकले. मनमाड जंक्शनला गाडी बदलताना दर वेळी ती परिषद मनात येते.

शेतकरी नेते शरद जोशींनी १९८० साली नाशिक जिल्ह्यात कांदा आणि उसाचं आंदोलन उभं केलं, तेही हिशेबावर. उत्पादन खर्च मांडून दाखवला की शेतकऱ्याला स्वतःचा तोटा स्वतःच्या आकड्यांत दिसायचा. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्या हिशेबावर उभी होती, म्हणून टिकली. आमच्याकडे कांदा घरोघरी आहे, तरी एकरी खर्च वहीत लिहिणारी घरं थोडी. आंदोलनाआधी ती वही हवी, असं मी सगळ्यांना सांगत असते.

कागद पुरत नाही तेव्हा रस्त्यावर यावं लागतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण रस्त्यावरचं वागणंसुद्धा बोलतं. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून पायी मुंबईला गेला. शेवटच्या टप्प्यात दहावीच्या मुलांना परीक्षेला पोचायला अडचण नको, म्हणून दिवसभर चाललेली ती माणसं रात्रीतून पुन्हा चालली आणि १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानावर पोचली. त्यांच्या मागण्या वनहक्काच्या जमिनींच्या, कर्जमाफीच्या. मुंबईकराचा त्यांच्याशी रोजचा संबंध नाही. तरी लोक पाणी, खाणं, चपला घेऊन पुढे आले. ज्यांच्या मुलांची काळजी तुम्ही वाहता, ते तुमचं ऐकून घेतात. मोर्चा काढू म्हणणाऱ्या माझ्या वर्गमित्रांना मी आधी हे विचारते की आपल्यामुळे त्या दिवशी कोणाची अडचण होणार आहे, आणि त्याचं आपण काय करणार आहोत.

पुलाचं प्रकरण आता ग्रामसभेसमोर आहे. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल तितकी माणसं लागतात, आणि ती जमवणं हे भाषणाइतकंच महत्त्वाचं काम आहे. मुख्य सभेच्या आधी महिला सभा होते. तिथे एरवी गप्प बसणाऱ्या एका मावशी उठून म्हणाल्या, “दप्तर डोक्यावर घेऊन पोरी नाला उतरतात. भाऊसाहेब, एक दिवस तुम्ही या काठावर उभे राहा.” माझ्या तयार केलेल्या मुद्द्यांतला एकही त्याच्या जवळपास नव्हता. ग्रामसेवकांनी ताबडतोब पाहणीची तारीख दिली.

१५ ऑगस्टच्या सभेत ठराव येईल. सूचक म्हणून मावशींचं नाव घालायचं ठरलंय, अनुमोदक म्हणून आठवीतल्या एका मुलीची आई. इतिवृत्तात ठराव जसा मांडला तसाच उतरलाय का, उंची वाढवण्याचा उल्लेख जाऊन नुसतं ‘दुरुस्ती’ तर झालं नाही ना, हे सह्या होण्याआधी वाचून घ्यायचं काम माझ्याकडे आहे.