धूर न सोडणारा आजार

डिझेल इंजिन नीट चालेना की आपल्याकडे पहिला संशय डिझेलवर. नॉझल काढा, पंप कॅलिब्रेशनला पाठवा, भेसळवाल्यांना दोन शिव्या घाला. हवा पडली फुकटची, त्यामुळे तिच्याकडे बघायचं सहसा कुणाला सुचत नाही. पण जरा हिशोब मांडून बघा. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरमागे कमीत कमी १०,००० लिटर हवा! एक अख्खा टँकर! आणि प्रत्यक्षात इंजिन त्याहून बरीच जास्त ओढतं.

आता ही हवा कुठली, तर आमच्या मलकापूरची. (बुलढाण्याचं नव्हे, शाहूवाडीचंही नव्हे. कराडला चिकटलेलं.) पुणे-बंगळूर महामार्ग गावातूनच जातो. सहापदरीकरणासाठी २०२३ मध्ये इथला जुना उड्डाणपूल पाडायला घेतला, तेव्हा धूळ म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळलं. शेतकऱ्याला ते आधीपासून माहीत आहे. गळीत हंगामात कृष्णा आणि सह्याद्री कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघालेले ट्रॅक्टर फडातल्या फुफाट्यातूनच बाहेर पडतात. एका लिटरला टँकरभर हवा, आणि ती अशी!

तर मुद्दा असा, की हवेच्या वाटेला दोन आजार होतात. एक कोंडण्याचा, दुसरा गळण्याचा. लोक पहिल्याला घाबरतात. इंजिन मारतो दुसरा.

कोंडण्याचा आजार बोंब मारतो. जुन्या पद्धतीच्या पंपाला हवा किती आली ते कळत नाही. लोड आला की तो डिझेल ओततच राहतो. हवा पुरत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर निघतो. पिकअप जातो, चढाला गाडी रडते. नॉझलनेही काळा धूर येतो हे खरं, पण नॉझल खोलण्याआधी फिल्टर बघायला पाच मिनिटं पुरतात. खात्रीच करायची तर गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या. इंग्रजी 'यू'सारखी वाकवून अर्धी पाण्याने भरा आणि एक टोक फिल्टरनंतरच्या पाईपवर, इंडिकेटरच्या भोकाला जोडा. इंजिन पूर्ण रेसवर ठेवलं की दोन्ही बाजूंच्या पाण्यात जो फरक पडतो तीच फिल्टरची ओढ. बऱ्याच इंजिनांना २० ते २५ इंचांपर्यंत चालते, पक्का आकडा इंजिनाच्या पुस्तकात असतो. त्यावर गेली की फिल्टर बदला. संपला विषय.

आता गळण्याचा. फिल्टर आणि इंजिन यांच्या मधल्या रबरी होजला चीर पडते, किंवा क्लॅम्प सैल होतो. इंजिन आत हवा ओढत असतं, त्यामुळे इथून बाहेर काही सांडत नाही, उलट धूळ आत जाते. आणि गंमत म्हणजे लक्षण काहीच नाही! हवा भरपूर, धूर नाही, पिकअप झकास. थोडी हवा परस्पर आत जात असल्यामुळे फिल्टरसुद्धा जास्त दिवस स्वच्छ दिसतो.

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. रिंगा आणि लायनर यांच्यामधला ऑइलचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा. त्यात पाच-दहा मायक्रॉनची धूळ गेली की तिचा पॉलिश पेपर होतो. काही महिन्यांनी ऑइल कमी व्हायला लागतं, निळसर धूर येतो, ब्रीदरमधून बॅक कॉम्प्रेशन मारतं. तोवर खेळ आटोपलेला असतो.

आमच्या तात्यांच्या ट्रॅक्टरचं हेच झालं. रिंगा-लायनर नवे घालून एक हंगामही धड झाला नव्हता आणि इंजिन पुन्हा ऑइल खायला लागलं. ऐन डिसेंबर. तोडणीच्या टोळीला उचल दिलेली, बँकेचा हप्ता चालू आणि ट्रॅक्टर दारात. कुणी म्हणे ऑइल डुप्लिकेट, कुणी म्हणे रिंगा हलक्या. तात्या ज्याला त्याला स्वच्छ फिल्टर काढून दाखवायचे. शेवटी हायवेकडेच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी त्यांना थांबवलं. "तात्या, फिल्टर र्‍हाऊ द्या. पांढरं फडकं हाय का?" फडकं फिल्टरनंतरच्या पाईपात फिरवलं, तर मातकट होऊन बाहेर आलं. होजच्या खालच्या अंगाला, बरोबर क्लॅम्पखाली, नखाएवढी चीर होती. आधीच्या कामात इंजिन नवं झालं, पण होज जुनाच परत चढवला होता. काहीशे रुपयांची वस्तू. इंजिन मात्र पुन्हा उतरवावं लागलं, आणि हंगामातला महिना गेला तो गेलाच.

आमच्या धंद्यात हे ओळखीचं आहे. जो प्रोग्राम एरर देऊन बंद पडतो तो परवडला. गुपचूप चुकीचा डेटा लिहीत राहणारा सापडतो तेव्हा बॅकअपसुद्धा चुकीचे झालेले असतात.

आता तुम्ही म्हणाल, नव्या गाड्यांना सेन्सर आहेत की! आहेत. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर बहुतेक असतोच. पण तो हवा मोजतो, तिच्यातली धूळ नाही. गळती फिल्टर आणि सेन्सर यांच्या मध्ये असेल तर आकडे सगळे बरोबर, स्कॅनर म्हणतो गाडी ठणठणीत. टर्बोच्या पुढचा पाईप फाटला तर गोष्ट वेगळी. तिथे दाब असतो, हवा बाहेर जाते, शिट्टी वाजते, काळा धूर येतो. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे जागा दाखवतात.

म्हणून हंगामाआधी एक सकाळ काढा. फिल्टरनंतरच्या पाईपात पांढरं फडकं फिरवा. होज खालून वाकवून बघा, क्लॅम्पच्या जागी तार बांधली असेल तर ती काढून टाका. कागदी फिल्टरमध्ये अंधारात दिवा धरा, उजेडाचा ठिपका दिसला की तो फिल्टर गेला. टायरच्या हवेने बाहेरून फुंकू नका. आतून बाहेर, हलक्या दाबाने. आतला छोटा फिल्टर फुंकायचा नसतोच, बदलायचा असतो.

ऑइलबाथ असेल तर ऑइल खुणेपर्यंतच. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि त्याच्यावरच पळत सुटतं. मग डिझेल बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी हवेच्या तोंडावर फळी दाबायची, हात कधीच नाही.

काळा धूर दिसला तर घाबरू नका, इंजिन स्वतःच तक्रार करतंय. जे काहीच तक्रार करत नाही, त्याच्या पाईपात मात्र एकदा फडकं घालून बघा.