एका मित्रासाठी विचारतोय

कर्जाची चौकशी करणारा माणूस कधीच स्वतःसाठी आलेला नसतो. पतपेढीच्या काउंटरवर तो जरा वाकतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "एका मित्रासाठी विचारतोय." या गोष्टीतला भाईंदरचा गृहस्थ असाच माझा मित्र आहे. ओळख इतकी जुनी की दोघांची दाढी एकाच आरशात होते. तरी त्याच्याबद्दल 'तो' असंच लिहितो. 'मी' म्हटलं की आकडे आपोआप कमी सांगितले जातात.

तो भाईंदर पूर्वेला राहतो आणि पूर्वेलाच, स्टीलच्या भांड्यांच्या एका छोट्या कारखान्यात हिशेब लिहितो. २००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजार झाली. या वाढीत त्याचं कुटुंबही आहे. बोरिवलीत भाडं झेपेना म्हणून लोकलने तीन स्टेशनं पुढे सरकलेलं. पगार ३४ हजार, घरभाडं ११ हजार. बायको संध्याकाळी सातवीच्या मुलांची शिकवणी घेते. घरात एक मुलगी आणि ७६ वर्षांची आई.

बोनसबद्दल एक बारकावा सांगायला हवा. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस मिळायचा, पण तो महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना. त्याच्या वर गेलात की मालक देईल ती दिवाळी. म्हणजे बढती मिळाली तेव्हा त्याचा बोनसचा हक्क गेला, आणि हे त्याला हिशेब लिहिता लिहिता कळलं. मालक देतो, नाही असं नाही. देतो धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी. सणाचा खर्च मात्र त्याआधी दोन महिने, गणपतीपासून सुरू झालेला असतो. त्याच्या कर्जाची जागा या दोन महिन्यांच्या फटीत आहे.

२०२३ साली गणपती १९ सप्टेंबरला आले. गाव देवरुखजवळ. त्या वर्षी चुलत भावांनी घर रंगवायचं ठरवलं. गावच्या भावाने पैसे घातले आणि याच्या वाट्याचे सहा हजार "आलास की दे" म्हणून मागे ठेवले. याला वाटलं, आपण मुंबईकर, आपणही काहीतरी दिसेल असं करावं. म्हणून गाडी केली. जाऊन-येऊन १६ हजार. मुलीला मोबाइल, सगळ्यांना कपडे, आरतीच्या मंडळींना एक वेळचं जेवण. सगळं मिळून ४० हजार, आणि सगळं क्रेडिट कार्डावर.

एसटीने गेला असता तर? मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि ७५ च्या वरच्या नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. म्हणजे आई फुकट, बायको आणि मुलगी अर्ध्यात, पूर्ण तिकीट फक्त याचं. बायकोने हे तेव्हाच सांगितलं होतं. "गणपतीला जातोय, आणि आईला एसटीत बसवू?" असं हा म्हणाला. आईला कुणी विचारलं नाही. नंतर तिने सांगितलं की गाडीत तिला मळमळत होतं आणि एसटीत खिडकी मोठी असते.

ऑक्टोबरात बिल आलं. त्यावर दोन आकडे होते, पूर्ण रक्कम आणि त्याखाली 'किमान देय' दोन हजार. किमान देय भरलं की बिल भरलं, अशी त्याची समजूत होती, आणि हा माणूस पोटासाठी दुसऱ्यांचे हिशेब लिहितो! फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल, असा इशारा बिलावर छापावा लागतो; रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. तो छापलेला होताही. शाळेच्या डायरीतल्या सूचना ज्या अक्षरात असतात, त्या अक्षरात.

त्याच्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के. ४० हजारांवर १,४०० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २५२. झाले १,६५२. भरले दोन हजार, मुद्दल उतरलं ३४८. शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. त्याच कार्डावर घेतलेल्या दुधाच्या पिशवीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

'साडेतीन टक्के' ऐकायला किती गरीब आकडा! आपल्याकडे व्याज दोन भाषांत बोललं जातं. बँक वर्षाची भाषा बोलते, साडेदहा टक्के, बारा टक्के. सावकार महिन्याची भाषा बोलतो, "शेकडा तीनने दिले." कार्ड दिसतं बँकेसारखं आणि बोलतं सावकारासारखं. साडेतीनला बारांनी गुणलं की ४२ होतात, एवढा गुणाकार त्याने केला नव्हता. लाज वाटते म्हणून नाही. आकडा लहान दिसत असेल तर माणूस गुणायला जात नाही.

पुढची चूक औद्योगिक इस्टेटीतली. कारखान्यांच्या गल्लीत एक शेठ 'डेली'ने पैसे देतो. दहा हजारांचं कर्ज, हातात नऊ हजार, मग रोज शंभर रुपये, शंभर दिवस. संध्याकाळी मुलगा वही घेऊन येतो, शंभर घेतो, टिकमार्क करतो. चहा-सिगारेटच्या हिशेबात बसणारी रक्कम. कार्डाचं बिल आणि घरभाडं एकाच आठवड्यात आल्यावर याने ५ ऑक्टोबरला डेली उचलली. वरवर पाहता हजार रुपये व्याज, दहा टक्के. पण मुद्दल रोज परत जात असतं, म्हणून खरा दर वर्षाला ७७ टक्क्यांच्या घरात पडतो.

महाराष्ट्रात सावकारीचा कायदा २०१४ चा आहे. परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून, तारण नसेल तर, वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. परवान्याशिवाय धंदा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे करायची. शेठच्या भिंतीवर परवाना नव्हता, लक्ष्मीचं कॅलेंडर होतं. तक्रार केली का? नाही. अडलेल्या दिवशी ज्याने पाच मिनिटांत नऊ हजार मोजले, त्याच्याविरुद्ध अर्ज लिहायला हात धजत नाही. कायदा धाब्यावर बसतो तो बऱ्याचदा या मिंधेपणापायी.

मग दिवाळी. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला. बोनस अपेक्षेच्या निम्मा आला, आणि भाऊबीजेला बहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या त्याने अ‍ॅपवरून १५ हजारांचं कर्ज मागितलं. मीरा रोडला अर्ज केला, भाईंदरला उतरेपर्यंत मंजूर. फी आणि जीएसटीचे ७०८ कापून १४,२९२ खात्यात आले. जाहिरात होती 'फक्त अडीच टक्के महिना', तीन हप्ते, ५,३७५ चा एक.

त्या रात्री बायकोने मोबाइल पाहिला. अ‍ॅपने एक तक्ता पाठवला होता. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम काढले, त्यानुसार कर्ज देण्याआधी हा तक्ता द्यावा लागतो. त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा एकच दर लिहिलेला असतो.

"अहो, हे पंचाहत्तर काय आहे?"

"काय असणार. गुण असतील माझे, सिबिलचे."

"टक्के आहेत."

तिने शिकवणीची वही ओढली. सातवीला सरळव्याज असतं, मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर. ती तेच सूत्र पोरांकडून घोकून घेते. तीस टक्के आले. ती थांबली. मग म्हणाली, "पंधरा हजार तीन महिने तुमच्याकडे राहतच नाहीत. पहिल्या महिन्यात पाच परत, दुसऱ्यात पाच. आणि मुळात पंधरा आलेच कुठे?" अ‍ॅपचा दर आणि डेलीवाल्या शेठचा दर एकमेकांचे जुळे भाऊ निघाले. एकाकडे वही घेतलेला पोरगा, दुसऱ्याकडे रंगीत पडदा.

पण पडद्यावाल्याकडे एक सोय होती जी वहीवाल्याकडे नव्हती. त्याच नियमांत तेव्हा माघार घेण्याची मुदत दिलेली होती. कर्ज सात दिवस किंवा जास्त मुदतीचं असेल तर किमान तीन दिवस. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज परत केलं की दंड लागत नसे. पैसे अजून खात्यात होते. तिसऱ्या दिवशी परत पाठवले. फी गेली. ७०८ रुपयांची शिकवणी, असं बायको म्हणते.

हा नोंदणीकृत कंपनीचा अ‍ॅप होता म्हणून निभावलं. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत भारतीयांना मिळू शकणारे सुमारे ११०० कर्ज अ‍ॅप सापडले. त्यातले ६०० बेकायदा. कारखान्यातल्या पॉलिशवाल्या पोराने तसला एक घेतला होता. त्याने फोनमधली नावं वाचायची परवानगी दिली होती. हप्ता चुकल्यावर त्याच्या मामाला, शाळेतल्या बाईंना आणि आमच्या मालकाला फोन गेले. मालकाने मिटवलं, पण पोरगा गावी गेला तो परत आला नाही. अशा वेळी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा असतो हे तेव्हा आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

भाऊबीज १५ नोव्हेंबरला झाली. दुसऱ्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने बँकांच्या विनातारण वैयक्तिक कर्जांवर जास्त भांडवल राखून ठेवायला सांगितलं. अशी कर्जं फार वेगाने वाढत होती. पेपरात ती बातमी वाचून त्याला उगाच बरं वाटलं. आपण एकटे नव्हतो तर.

बांगड्यांचा विषय बायकोनेच काढला. दीड तोळ्याच्या दोन, तिच्या आईने दिलेल्या. याला ते नको होतं. सोनं गहाण टाकणं म्हणजे घर बुडालं, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. कार्डावर ४२ टक्के देणं मात्र त्याला अब्रूदार वाटत होतं. ती म्हणाली, "बांगड्या कपाटात आहेत ते कुणाला दिसत नाही. बँकेत असल्या तरी कुणाला दिसणार नाही."

सहकारी बँकेत सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळत होतं. यांनी तेवढं घेतलं नाही. ४५ हजार घेतले, वर्षाला साडेदहा टक्क्यांनी. कार्डाचे ४० हजारांना थोडे कमी आणि डेलीचे उरलेले ४४ दिवस, ४,४०० रुपये. शेठने लवकर फेडीची दमडी सोडली नाही. डेलीत सूट नसते. कार्डाला महिन्याला १,६५२ जात होते, सोन्यावर पहिल्या महिन्याचं व्याज झालं ३९४. काउंटरवर तो थोडा वाकला होता. "मित्रासाठी" हा शब्द ओठांवर आला होता, पण शेजारी बायको बांगड्या काढत उभी होती.

२०२४ चं वर्ष कोरडं गेलं. महिन्याला चार हजार बँकेत, दीड हजार आवर्ती ठेवीत, तीही जानेवारीपासून, म्हणजे गणपतीपर्यंत बारा हजार. बायकोच्या मैत्रिणींची भिशी होती, पण पहिला नंबर कुणाचा यावरून दोघींत अबोला झाल्यापासून तिला ठेव बरी वाटते. ७ सप्टेंबरला गणपती आले, आणि ही मंडळी एसटीने गेली. आई खिडकीत. मुलीला गेल्या वर्षीचाच मोबाइल. गावात कुणी गाडी विचारली नाही. एका काकूंनी फक्त एवढं विचारलं, "या वर्षी लवकर आलात?"

ऑक्टोबरच्या शेवटी, धनत्रयोदशीच्या आधी, बांगड्या सुटल्या. बँकेच्या माणसाने पाकीट फोडून वजन करून दाखवलं. बायकोने पावतीशी ताडून पाहिलं, दोन्ही हातांत चढवल्या आणि स्टेशनपर्यंत चालत गेली, रिक्षा केली नाही.

रंगाचे सहा हजार तेवढे अजून चुलत भावाला द्यायचे आहेत. त्यावर व्याज नाही. पण तो आठवड्याला फोन करतो, तब्येत विचारतो, आईची विचारतो, पाऊस विचारतो आणि फोन ठेवण्याआधी सांगतो की भिंतीला अजून कुठे पोपडा धरलेला नाही.