दार कोणत्या बाजूला?

समृद्धी महामार्गावर पिंपळखुटा जवळ आलं की गाडीतलं बोलणं थांबतं. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्री नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस सिंदखेडराजा तालुक्यात इथेच उलटली आणि पेटली. आत 33 जण होते, त्यांतले 25 गेले. बस डाव्या कुशीवर पडली होती, म्हणजे नेमकी दाराच्या अंगावर. दार खाली दाबलं गेलं. वाचले ते काच फोडून बाहेर पडले.

ती बस डिझेलची होती. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण हल्ली गाडीला आग लागल्याचं ऐकलं की पहिलं नाव बॅटरीचं निघतं.

*

बॅटरीची आग मात्र वेगळ्या जातीची, हे खरंच. लिथियमच्या सेलमध्ये दोन टोकांना वेगळं ठेवणारा एक पातळ पडदा असतो. मार लागून, जास्त तापून, चुकीच्या चार्जरने किंवा कारखान्यातल्याच दोषाने तो फाटला की आतल्या आत शॉर्ट होतं. एक सेल तापतो, तो शेजारच्याला तापवतो, आणि मग साखळी थांबत नाही. माती टाकून, हवा कोंडून हे विझत नाही. खूप पाणी ओतून थंड करत राहावं लागतं, आणि विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. धूरही विषारी. आपल्या नगरपालिकांच्या बंबावरच्या माणसांना याचं शिक्षण मिळायला हवं, आणि ते पहिल्या घटनेच्या आधी.

*

2022 चा उन्हाळा आठवतो. मार्चमध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमधल्या स्कूटर जळाल्या. त्यानंतर केंद्राने बॅटरीचे नियम कडक केले. एआयएस-156 या मानकातल्या नव्या अटी डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. म्हणून सेकंडहँड स्कूटर घेताना रंग, किलोमीटर नंतर बघा. आधी ती कोणत्या महिन्यात बनली ते बघा.

*

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली ही दोन वेगळी हवामानं आहेत. मलकापूर, नांदुरा, शेगावचं मे महिन्यातलं ऊन बुलढाण्याच्या माणसालाही सोसत नाही. त्या उन्हात पत्र्याखाली उभी राहिलेली गाडी, वर राजूर घाटाची चढण. घाट चढून आल्या आल्या चार्जिंगला लावायला निघालेल्या एका गिऱ्हाइकाला मिस्त्री म्हणाला, ‘‘भाऊ, गाडी तापली हाये. थंडी होऊ द्या तिले, मंग लावा.’’ मोठमोठ्या माहितीपत्रकांपेक्षा हे वाक्य जास्त कामाचं आहे. त्याच्या जोडीला एवढंच: चार्जर कंपनीचाच, अर्थिंग असलेला बोर्ड, आणि गाडी घराच्या एकुलत्या एक दारात चार्जिंगला लावायची नाही. रात्री ती पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद.

*

आता बिनचालकाच्या टॅक्सीबद्दल. अमेरिकेत फिनिक्सला वेमोने 2020 मध्ये अशी सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. आता तिथल्या आणखी शहरांत आणि चीनमध्ये वुहानसारख्या ठिकाणी या टॅक्सींचे ताफे फिरतात, बहुतेक विजेवरच. मी या यंत्राच्या विरोधात नाही. त्याला झोप येत नाही, ते पीत नाही, फोनवर बोलत नाही. 701 किलोमीटरच्या सरळसोट काँक्रीटवर रात्री दोनला डोळे मिटणाऱ्या चालकाचा विचार केला, की ही बाब लहान वाटत नाही.

पण 2 ऑक्टोबर 2023 ला सॅन फ्रान्सिस्कोत काय झालं तेही विसरता येत नाही. दुसऱ्या गाडीने उडवलेली एक बाई क्रूझ कंपनीच्या बिनचालक टॅक्सीसमोर येऊन पडली. टॅक्सी तिला धडकून थांबली. मग ‘रस्त्यात उभं राहू नये’ या शिकवणीप्रमाणे कडेला जायला निघाली आणि बाईला सुमारे 20 फूट फरफटत घेऊन गेली. खाली माणूस आहे हे तिला कळलंच नाही. पुढच्याच वर्षी क्रूझची मालक असलेल्या जनरल मोटर्सने तो टॅक्सीचा उद्योग सोडून दिला.

*

समृद्धीवर कदाचित जमेल. गावरस्त्यावर? अंधारात उडी मारून येणारा रोही, डांबरावर वाळत घातलेलं सोयाबीन, शेगावहून निघालेली पालखी. दिंडी समोर आली की यंत्र थांबेल, यात शंका नाही. पण वाट देणाऱ्या वारकऱ्याने केलेली हाताची खूण त्याला समजेल का?

*

डिसेंबर 2023 मध्ये नितीन गडकरी नागपुरात म्हणाले की चालकाविना धावणाऱ्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, लाखो चालकांची रोजी जाईल. रोजीचा मुद्दा खराच आहे. मेहकर, लोणारकडे काळीपिवळीवर घरं चालतात. मला त्याआधीचा प्रश्न पडतो. गाडी उलटली, आत म्हातारी आहे, दार अडकलंय. चालक नसेल तर तिला बाहेर कोण काढणार?

चालक असला म्हणजे झालं, असंही नाही. पिंपळखुट्याच्या बसलाही चालक होता.

*

29 मार्च 2025 ला चीनमध्ये शाओमीची इलेक्ट्रिक कार महामार्गावर दुभाजकाला धडकून पेटली. आत तीन विद्यार्थिनी होत्या, तिघीही गेल्या. धडकेच्या काही सेकंद आधीपर्यंत गाडी चालक-साहाय्य यंत्रणेवर धावत होती. घरच्यांनी विचारलेला प्रश्न दारांचाच होता. त्यानंतर चीनने नियम केला: 1 जानेवारी 2027 पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांची दारं वीज गेली तरी हाताने उघडली पाहिजेत. आपल्याकडेही हा नियम हवा. खासगी गाडीला हवा, आणि टॅक्सीला तर आधी हवा.

*

2025 च्या राज्याच्या धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे, म्हणजे या रस्त्यावर त्या वाढणारच. घ्यायला जाल तेव्हा शोरूममध्ये मागच्या सीटवर बसा. गाडीची वीज बंद असताना आतून दार कसं उघडतं, ते विक्रेत्याला करून दाखवायला सांगा. मग तेच घरातल्या आजीला आणि पोरांना एकदा स्वतःच्या हाताने करायला लावा.