मेकाँगकाठची केसपेपरची खिडकी



व्हिएतनामला जाणार म्हटल्यावर घरातून पहिला प्रश्न आला, "सेवाच करायची तर आपल्या वस्तीत आजारी माणसं कमी आहेत का?" प्रश्न रास्त होता. मी साधा कारकून, बी.कॉम. झालेला. डॉक्टर नाही की कंपाउंडर नाही. तिकिटासाठी पतपेढीचं कर्ज काढलेलं. पण ओळखीच्या डॉक्टरांचं पथक निघालं होतं आणि त्यांना नोंदणी सांभाळणारा माणूस हवा होता. रांग आणि रजिस्टर एवढंच मला येतं. म्हणून निघालो. बायकोचा प्रश्न मात्र सामानाबरोबर आला.

मार्च २०२४ चे ते दिवस. मुंबईहून विमानानं हो ची मिन्ह शहर आणि तिथून बसनं सुमारे १३० किलोमीटरवर त्रा विन्ह. तेव्हा तो स्वतंत्र प्रांत होता; २०२५ साली तो विन्ह लाँग प्रांतात सामील झाला. वाटेत मेकाँग नदीचे रुंद फाटे, भातशेती, नारळाच्या बागा. कोकणातच आलो की काय असं वाटावं!

व्हिएतनाममधले बहुतेक बौद्ध महायानी आहेत. त्रा विन्हमध्ये मात्र ख्मेर समाज मोठा, आणि तो थेरवादी. गावोगावी विहार, काषाय चीवरातले भिक्खू. आपल्याकडे श्रामणेर शिबिरं होतात, तशी तिथं मुलगे काही काळ चीवर घेतात. हा समाज मुख्यतः भातशेती आणि मजुरी करणारा, त्यात गरिबी बरीच.

आमचं शिबिर एका विहाराच्या आवारात होतं. पहिल्या सकाळी म्हाताऱ्या बायका हात जोडून बसल्या आणि त्रिशरण-पंचशील सुरू झालं. चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण शब्द पालीच! मीही म्हणू लागलो. शेजारच्या आजीनं वळून पाहिलं आणि बोळक्या तोंडानं हसली. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी येत नव्हती. तरी ओळख पटली.

मग काम सुरू झालं. आजारी माणूस ख्मेर बोलणार, एक तरुण त्याचं व्हिएतनामीत सांगणार, दुसरी मुलगी इंग्रजीत. तपासायला कमी आणि समजायला जास्त वेळ! गुडघेदुखी, मोतीबिंदू, मधुमेह, रक्तदाब. मीठ कमी करा, असं डॉक्टर सांगत आणि बायका हसत. आपल्याकडे सुकट-बोंबील, तसं त्यांच्याकडे प्राहोक, म्हणजे खारवून मुरवलेली मासळी. ती सोडा म्हणणाऱ्याचं कोण ऐकतो?

तिसऱ्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. संध्याकाळी टोकन संपले. एक म्हातारी नातवाच्या हाताला धरून खिडकीशी आली. मी मान हलवली आणि सवयीनं बोलून गेलो, "उद्या या." दुभाष्या मुलीनं ते तसंच सांगितलं. म्हातारी काही बोलली नाही. झाडाखाली जाऊन बसली. एका तरुण भिक्खूनं मला सांगितलं, ती दोन कालवे ओलांडून आली आहे, उद्या तिला कोणी आणणार नाही.

बांधवांनो, "उद्या या" हे शब्द आपल्या आई-बापांनी किती खिडक्यांवर ऐकले! रेशनच्या, दवाखान्याच्या, जातीच्या दाखल्याच्या. आयुष्यभर त्याविरुद्ध अर्ज लिहिणारा मी. खिडकीच्या आत बसलो आणि तेच बोललो. भगवंतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतलं, ही गोष्ट मी विहारात मुलांना सांगतो. त्या संध्याकाळी ती मला आठवली आणि मान खाली गेली.

मी स्वतः जाऊन आजीला आत आणलं. रक्तदाब फार वाढलेला निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण पंधराच दिवसांच्या. सोळाव्या दिवशी काय? रजिस्टरमध्ये 'पुढील तपासणी' हा रकाना मीच आखला होता आणि तो सगळा कोरा होता.

तिथं गावपातळीवर सरकारी आरोग्य केंद्र असतं आणि गरीब कुटुंबांना आरोग्य विम्याचं कार्ड सरकार देतं. मग रात्री बसून आम्ही रक्तदाब-मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची यादी काढली. दुभाष्या मुलीनं ती व्हिएतनामीत लिहिली. सकाळी केंद्रातली नर्स आली, तिनं यादी वाचली आणि नावांपुढे गावं भरली. त्या आजीचं नाव तिनं सर्वांत वर घेतलं. माझ्या मते आमच्या शिबिराचं खरं काम तेच.

निघायच्या आदल्या दिवशी आम्हाला आओ बा ओम नावाचं तळं दाखवलं. भोवती जुनी उंच झाडं. दंतकथा अशी की लग्नाची मागणी कोणी घालायची यावरून बायका-पुरुषांची पैज लागली. जो आधी तळं खोदेल तो जिंकला. पुरुष खात-पीत बसले, बायका ओमबाईंच्या पुढारपणाखाली रात्रभर खोदत राहिल्या आणि जिंकल्या. कोरड्या महिन्यांत समुद्राचं खारं पाणी नद्यांतून आत शिरतं, अशा मुलखात गोड्या तळ्याची किंमत काय सांगावी! चवदार तळ्याच्या लेकरांना ती कळते.

घरी आल्यावर बायकोच्या प्रश्नाला उत्तर दिलं. म्हटलं, तुझंच खरं. आता आमच्या विहारात महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी रक्तदाब तपासतो. एक वही आहे. 'पुढील तपासणी'चा रकाना ती स्वतः भरते, आणि जो आला नाही त्याच्या दारात जाऊन उभी राहते. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. पण "उद्या या" म्हणायचं नाही, एवढं आमच्या घरात ठरलं आहे.