बाळाची वाटी आधी काढा

मूल सहा महिन्यांचे झाले की आपल्या वस्त्यांतून घराघरात एकच प्रश्न निघतो, "बाळाला आता वरचं काय द्यावं?" उत्तरही बहुतेक ठरलेलेच असते. वरणाचे पाणी, भाताची पेज आणि चहात बुडवलेले बिस्कीट. हाताशी थोडे पैसे असले तर दुकानातला डबा. बाळ खाते, पोट भरते, रडायचे थांबते. पण त्या खाण्यातून त्याच्या अंगात रक्त किती भरले, याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही.

मी पेशाने कारकून. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि वीस वर्षे जमाखर्चाच्या वह्यांत गेली. सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या महिला मंडळाचे काम करते. मी डॉक्टर नाही. पण अंगणवाडी सेविका, दवाखान्यातल्या परिचारिका आणि डॉक्टर यांच्यासोबत फिरताना जे शिकले, ते मला माझ्या वह्यांच्या भाषेत चांगले समजते. तेच आपल्यासमोर मांडत आहे.

बाळ जन्माला येते ते आईच्या पोटातून लोहाची शिल्लक घेऊनच. ही शिल्लक मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जमा होते. आईच्या दुधात लोह थोडे असते, पण ते बाळाच्या अंगी चांगले लागते. ही शिल्लक आणि आईचे दूध यांवर साधारण सहा महिने निघतात. पुढे मात्र बाळाचे वजन, रक्त, मेंदू सगळेच झपाट्याने वाढते. खर्च वाढतो आणि शिल्लक संपते. जमेच्या बाजूला आता वरच्या अन्नाचाच आधार. त्या अन्नात लोह नसेल तर रोजची तूट येते. कमी वजनाचे किंवा दिवसांआधी जन्मलेले बाळ तर अपुऱ्या शिलकेनेच आलेले असते. त्याला लोहाचे थेंब लवकर लागतात, ते डॉक्टरांना विचारूनच द्यावेत.

ही तूट किती घरांत आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. आधीच्या फेरीत (२०१५-१६) हेच प्रमाण ५३.८ टक्के होते. प्रत्येक रक्तक्षय लोहाअभावीच होतो असे नाही. पण लहान मुलांत ते एक मोठे कारण आहे. आणि लोह केवळ रक्तासाठी लागत नाही. मेंदूच्या वाढीलाही ते लागते. पहिल्या दोन वर्षांत राहून गेलेली ती वाढ पुढे भरून काढणे फार कठीण जाते. आपण पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवणारी माणसे. शिकवणीला, वह्यापुस्तकांना उसनवारी करतो. मग शिकण्याची ताकद ज्या वाटीतून येते, त्या वाटीकडे आपले दुर्लक्ष का व्हावे?

आमच्या वस्तीत एक तरुण सून आहे. नवरा रात्रपाळीचा रखवालदार, ती चार घरची धुणीभांडी करणारी. तिचे दहा महिन्यांचे मूल गोरे दिसते म्हणून शेजारणी कौतुक करायच्या. पण मूल मलूल, खेळायला तयार नाही, सारखे भिंतीचे पोपडे तोंडात घालायचे. सेविकाबाईंनी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आत पांढरट. ते गोरेपण नव्हतेच, तो फिकेपणा होता. दवाखान्यात तपासले तर हिमोग्लोबिन साडेसात ग्रॅम. या वयाला निदान साडेदहा-अकरा हवे. आईचे तपासले, तर तिचेही आठच. ती मला म्हणाली, "ताई, मला वाटायचं वरणाच्या पाण्यातच सगळा कस उतरतो." तिची यात काय चूक? तिला आजवर सगळ्यांनी तेच सांगितले होते. कस डाळीत राहतो आणि बाळाच्या वाट्याला पिवळे पाणी येते, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

दुसरा समज लाल रंगाचा. रक्त कमी आहे म्हटले की घरातला पुरुष कर्ज काढून डाळिंब आणतो, कोणी बीट आणते. लाल दिसते म्हणून रक्त वाढवते, असे मुळीच नाही. डाळिंबात आणि बिटात लोह अगदी थोडे. गुळाचेही तसेच. दहा ग्रॅमच्या खड्यातून जेमतेम अर्धा मिलिग्रॅम लोह मिळते, आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला साखर-गूळ देऊच नये असे डॉक्टर सांगतात. उलट आपल्या घरातले स्वस्त धान्य पाहा. १०० ग्रॅम तांदळात लोह एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी. बाजरीत सहाच्या वर. मसुरीच्या डाळीत सातच्या आसपास. मटकी आणि हुलग्यात त्याहूनही थोडे अधिक. माझे माहेर नगर जिल्ह्यातले. तिथे आजारातून उठलेल्याला हुलग्याचे माडगे देत. आज शहरात आलेल्या आपल्या घरांतून बाजरी आणि हुलगे गेले. गरिबाचे खाणे म्हणून गेले, आणि त्यांच्या जागी मैदा आला.

कलेजीचेही तसेच झाले. बोकडाची किंवा कोंबडीची कलेजी म्हणजे लोहाचा साठा. मांस, मासे, कलेजी यांतले लोह धान्य-भाज्यांतल्या लोहापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात अंगी लागते, आणि सोबतच्या डाळी-भाजीतले लोहही ओढून घेते. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांना मांस, मासे किंवा अंडी रोज द्यावीत, असे म्हटले आहे. पण आपल्यातल्या काही शिकलेल्या घरांना आता कलेजी, वजडी, रक्ती यांची नावे घ्यायलाही संकोच वाटतो. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. तो स्वाभिमानाचा प्रश्न होता. घामाच्या पैशाने दुकानातून आणलेल्या ताज्या कलेजीची लाज कशासाठी बाळगायची? मोठ्याचे मटण हेही अनेक वस्त्यांतले स्वस्त लोह होते. २०१५ साली राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि तो मार्ग आक्रसला. म्हणून तर कोंबडीची कलेजी, अंडी, लहान मासे, हुलगे यांच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

आता प्रत्यक्ष स्वयंपाकाकडे वळू. दहा बाय बाराची खोली, एक शेगडी, सिलिंडर पुरवून वापरायचा आणि आईला सकाळी सातला कामावर निघायचे. तिला "बाळासाठी वेगळे शिजवा" असा सल्ला देणे म्हणजे तिची चेष्टा करणे आहे. वेगळे काही शिजवायचे नाही. घरचेच एक पातेले असे शिजवायचे की त्यातून बाळाला देता येईल. नियम एकच : मीठ-तिखट पडण्यापूर्वी बाळाची वाटी काढायची, मग मिठाचा डबा उघडायचा. वर्षाच्या आतल्या बाळाला वरून मीठ लागत नाही.

बाजरी-मसुरीची खिचडी : पाच माणसांसाठी दोन वाट्या बाजरी रात्री भिजत घाला. सकाळी निथळून मिक्सरवर भरड काढा. एक वाटी मसुरीची डाळ, दोन मुठी बारीक चिरलेली मेथी किंवा माठ, चिमूटभर हळद आणि भरपूर पाणी घालून कुकरला मऊ शिजवा. बाळाची वाटी काढून चमच्याने घोटा, अर्धा-एक चमचा तेल किंवा तूप घाला आणि वर चार-पाच थेंब लिंबू पिळा. उरलेल्या खिचडीला लसूण-मिरचीची फोडणी आणि मीठ. मोठ्यांनीही लिंबू विसरू नये. लिंबू, टोमॅटो, पेरू, आवळा यांतल्या क जीवनसत्त्वाने धान्य-भाजीतले लोह अंगी लागायला मदत होते.

मटकी किंवा हुलग्याची आमटी : कडधान्य भिजवून मोड आणा. भिजवल्याने आणि मोड आल्याने लोह अडवून धरणारे घटक कमी होतात. टोमॅटो घालून मऊ शिजवा. बाळासाठी दोन-तीन पळ्या काढून चाळणीवर घासून घ्या, म्हणजे साले वर राहतील. तो घट्ट गर मऊ भातात किंवा भाकरीच्या कुस्करलेल्या पापुद्र्यात कालवा. घरात लोखंडी कढई असेल तर आमटी तिच्यातच करा. आंबट पदार्थात कढईचे थोडे लोह उतरते. मात्र झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

कलेजी : आठवड्यातून एकदा. पाव किलो कलेजी, कांदा, टोमॅटो, हळद. आत लाली राहणार नाही इतकी नीट शिजवा. एक-दोन लहान चमचे बारीक कुस्करून बाळाच्या भातात मिसळा, बाकीच्यात मसाला घाला. कलेजीत अ जीवनसत्त्व फार असते म्हणून बाळाला रोज देऊ नये, आणि त्याच कारणाने गरोदर बाईने ती टाळावी. तिने मटण, मासे, डाळी खाव्यात. इतर दिवशी नीट शिजलेले अंडे, खिमा किंवा काटे काढलेला ताजा मासा. सुकट-बोंबील खारवलेले असतात, ते वर्षाच्या आत नको. ज्या घरात मांसाहार नाही, तिथे डाळी, मोडाची कडधान्ये, बाजरी आणि लिंबू रोज हवेत.

बाळाचे अन्न चमच्यावरून घरंगळणार नाही इतके घट्ट असावे. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीन वेळा. हळूहळू अर्धी वाटी. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मांसाचे तुकडे लहान बाळाला देऊ नयेत, घशात अडकतात. मध वर्षाच्या आत नको. गाईम्हशीचे दूध हे वर्षाच्या आतल्या बाळाचे मुख्य अन्न करू नये. त्यात लोह नगण्य, आणि त्याने पोट भरले की बाळ जेवत नाही. चहा तर थेंबभरही नको. जेवणासोबत घेतलेला चहा जेवणातले निम्म्याहून जास्त लोह अडवतो. चपाती-चहावर सकाळ काढणाऱ्या आयांनीही जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

नुसत्या अन्नाने झालेला रक्तक्षय भरून येत नाही. २०१८ पासूनच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे सिरप द्यायचे ठरले आहे. आशाताईंकडे त्याची चौकशी करा. शौच काळी झाली तर घाबरू नका. मात्र बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, जास्त लोह विषारी ठरते. विदर्भातल्या बंधू-भगिनींना एक विशेष विनंती. तिकडे आपल्या समाजातही सिकलसेल आढळतो. तो असल्यास लोहाचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. आधी रक्ताची तपासणी करून घ्या.

वर सांगितलेल्या मुलाला डॉक्टरांनी औषध दिले, आणि घरी पातेल्यातून वाटी निघू लागली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन दहाच्या वर गेले. भिंत चाटणे थांबले. आता ते दारातून रस्त्यावर पळते आणि आई त्याच्यामागे.

पण तिच्या स्वतःच्या आठचे काय? हा प्रश्न मला जास्त छळतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि बाईला २९. म्हणजे दीडपट. आपल्या घरात मात्र उलटे वाढले जाते. मटण शिजले तर तुकडे नवऱ्याला आणि मुलग्यांना, रस्सा मुलींना, आणि सगळ्यांचे झाल्यावर पातेले पुसून आई जेवते. त्याच आईच्या पोटातून पुढचे बाळ शिल्लक घेऊन येणार असते. जमेलाच काही नाही, तर शिल्लक कोठून यायची? बंधूंनो, हे आपल्या बायकांनी मागून घ्यावे अशी वाट पाहू नका. समतेची भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. वाढायला बसताना पळी आपल्या हाती घ्या आणि तिच्या ताटात आधी वाढा.

आमच्या मंडळाने आता ठरवले आहे की महिन्याच्या बैठकीत चहा-बिस्कीट बंद. प्रत्येकीने मूठभर धान्य आणायचे आणि एक पातेले सर्वांसमोर शिजवायचे. सासवांनाही बोलवायचे, कारण बाळाला काय द्यायचे ते घरोघरी त्याच ठरवतात. फार खर्च येत नाही. आपल्याही वस्तीत हे करून पाहा. वाटी घरात आहे, बाजरी आणि मसूर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आहेत. मीठ पडण्याआधी ती वाटी पातेल्यात बुडवायची, एवढेच आपल्याला करायचे आहे.